पीयूबी : पाण्याबरोबर विश्वास पुरवणाऱ्या संस्थेची वाटचाल

सिंगापूरवर वर्षाला सुमारे २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईच्या पावसाशी बरोबरी करणारा हा पाऊस मुंबईसारखा चार महिन्यांत कोसळून जात नाही, वर्षभर पडत राहतो. तरीही या बेटाला पाण्याची ददात पाचवीलाच पुजलेली. साठवायला डोंगरदऱ्या नाहीत, धरणाखाली घालायला जमीन नाही, उपसायला भूजल जवळजवळ नाही. त्यामुळे बेटावरची तळी अपुरी पडू लागताच १९२७ मध्ये सामुद्रधुनीपलीकडच्या जोहोरच्या सुलतानाशी करार झाला आणि मलायाच्या भूमीवरचे पाणी नळाने सिंगापुरात येऊ लागले. जानेवारी १९४२ च्या अखेरीस जपानी फौजा जोहोरपर्यंत येऊन ठेपल्या, तेव्हा माघार घेणाऱ्या ब्रिटिश सैन्याने बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा मार्ग उडवला. त्याबरोबर जोहोरहून येणारी जलवाहिनीही तुटली. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले. शरणागतीच्या कारणांत संपत आलेले पाणी हे एक मोठे कारण होते. ही आठवण त्या पिढीच्या मनातून कधी गेली नाही आणि पुढे ज्या संस्थेच्या हाती पाणी आले, तिने ती जाऊही दिली नाही.

ती संस्था म्हणजे पब्लिक युटिलिटीज बोर्ड. तिथले लोक तिला पीयूबी या तीन अक्षरांनी ओळखतात. नगरपरिषदेकडची वीज, पाणी आणि गॅस ही तिन्ही कामे एकत्र करून १ मे १९६३ रोजी या वैधानिक मंडळाची स्थापना झाली. मुहूर्त मात्र कठीण होता. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती, तळी आटली होती आणि शहरात पाणीकपात सुरू झाली होती. ती फेब्रुवारी १९६४ पर्यंत चालली. कोणत्या भागाचे पाणी कोणत्या वारी, किती वेळ बंद राहील, हे लोकांपर्यंत वेळेवर पोहोचवणे हेच नव्या मंडळाचे लोकांशी झालेले पहिले बोलणे होते. ज्या महाराष्ट्रात पाणीकपातीचे वेळापत्रक वर्तमानपत्रातून कापून स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवले जाते, तिथल्या वाचकाला या बोलण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

जोहोरशी १९६१ आणि १९६२ मध्ये नवे करार झाले होते. १९६१ चा करार ५० वर्षांचा, तर १९६२ चा ९९ वर्षांचा. दुसऱ्या करारानुसार जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी उचलता येणार होते. पण ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर मलेशियापासून वेगळे झाले आणि कालपर्यंत एकाच संघराज्यातून येणारे पाणी परदेशातून येऊ लागले. तेव्हापासून पाण्याची प्रत्येक चर्चा ही देशाच्या अस्तित्वाची चर्चा झाली. पीयूबीच्या अभियंत्यांनी जुनी तळी वाढवली, खाड्यांना बांध घालून नवी तळी केली. १९७१ मध्ये ‘पाणी मोलाचे आहे’ असे सांगणारी मोठी मोहीम निघाली. पुढच्याच वर्षी पाण्याचा पहिला सर्वंकष आराखडा तयार झाला. हा आराखडा करणाऱ्यांत तान गी पॉ नावाचे एक तरुण अभियंता होते. तीन दशकांनंतर तेच पीयूबीचे अध्यक्ष झाले.

या आराखड्यात पुनर्वापराचाही विचार होता. १९७४ मध्ये सांडपाणी शुद्ध करून पाहणारा एक प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला. तंत्र जमत होते, पण खर्च फार येत होता आणि पाणी गाळणारी त्या काळची पटले भरवशाची नव्हती. वर्षभरातच तो बंद करावा लागला. अपयशाची ही नोंद संस्थेने पुढे कधी लपवली नाही. किंबहुना न्यूवॉटरची, म्हणजे पुढे या नावाने लोकांपुढे आलेल्या पुनर्वापराच्या पाण्याची, गोष्ट सांगताना ती आवर्जून इथूनच सांगितली जाते.

सांडपाण्याचे खाते तेव्हा पीयूबीकडे नव्हते, ते पर्यावरण मंत्रालयाकडे होते. त्याच खात्याच्या वाट्याला सिंगापूर नदी आली. २७ फेब्रुवारी १९७७ रोजी अप्पर पियर्स जलाशयाच्या उद्घाटनात पंतप्रधान ली कुआन यू यांनी दहा वर्षांत नदीत मासेमारी करता आली पाहिजे, असे आव्हान जाहीरपणे दिले. तेव्हा नदी म्हणजे काळा, दुर्गंधीचा नाला होती. काठावर फेरीवाले, मालवाहू होड्या, झोपड्या, वरच्या भागात ६१० वराहपालन केंद्रे आणि ५०० बदकपालन केंद्रे. या सगळ्यांना हलवायचे होते. नोटिसा बजावून हे काम झाले नसते. अधिकाऱ्यांना फेरीवाल्यांशी, होडीवाल्यांशी, शेतकऱ्यांशी बोलावे लागले, नुकसानभरपाई ठरवावी लागली, फेरीवाल्यांसाठी नळ आणि गटार असलेली पक्की खाद्यकेंद्रे उभारावी लागली. अनेक कुटुंबांचा पिढीजात धंदा सुटला. हे दुःख त्या यशाच्या आतच आहे आणि ते वगळून ही कथा सांगणे प्रामाणिक होणार नाही. १९८७ मध्ये नदी स्वच्छ झाली. ली एक टिएंग यांच्यासह या कामातल्या अधिकाऱ्यांचा सुवर्णपदके देऊन गौरव करण्यात आला.

संस्थेच्या इतिहासातले निर्णायक वळण १ एप्रिल २००१ रोजी आले. वीज आणि गॅस १९९५ मध्येच वेगळ्या कंपनीकडे गेले होते. आता मलनिःसारण आणि पर्जन्यजलाची खाती पीयूबीत विलीन झाली. ढगातून पडणारा थेंब नाल्यात, जलाशयात, नळात, मोरीत आणि पुन्हा शुद्धीकरण केंद्रात जाईपर्यंत एकाच संस्थेच्या ताब्यात आला. याचा फायदा जितका अभियंत्यांना झाला, तितकाच लोकांशी बोलणाऱ्यांनाही झाला. आपल्याकडे पाणी एका विभागाचे, गटार दुसऱ्याचे, नाला तिसऱ्याचा असतो आणि नागरिक तिन्ही खिडक्यांवर फिरत राहतो. सिंगापुरात चोवीस तासांतल्या कोणत्याही वेळी, कोणत्याही पाण्याबद्दल विचारण्याचे ठिकाण एकच झाले.

अध्यक्ष तान गी पॉ आणि २००३ पासून मुख्य कार्यकारी अधिकारी असलेले खू तेंग च्ये यांच्या काळात लोकसंवादाला संस्थेत अभियांत्रिकीच्या बरोबरीचे स्थान मिळाले. लोक, शासन आणि खासगी क्षेत्र या तिघांना जोडण्यासाठी स्वतंत्र विभाग उभा राहिला. प्रसिद्धिपत्रके काढणे हे त्याचे एकमेव काम नव्हते. शाळा, गृहसंकुले, उद्योग, स्वयंसेवी संस्था आणि धार्मिक स्थळे यांच्याशी वर्षानुवर्षे नाते ठेवणे हे त्याहून मोठे काम होते. मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी अशा चार राजभाषांच्या देशात हे काम चार तोंडांनी करावे लागते.

या कामाची खरी परीक्षा न्यूवॉटरने घेतली. १९९८ मध्ये पुनर्वापराचा अभ्यास नव्याने सुरू झाला आणि मे २००० मध्ये बेडोक इथे रोज १०,००० घनमीटर पाणी शुद्ध करणारा प्रात्यक्षिक प्रकल्प चालू झाला. प्रक्रिया केलेले सांडपाणी आधी सूक्ष्म गाळणीतून, मग रिव्हर्स ऑस्मॉसिसच्या पटलांतून आणि शेवटी अतिनील किरणांखालून जाते. आपल्या स्वयंपाकघरातले ‘आरओ’ यंत्र याच तत्त्वावर चालते. दोन वर्षे देशी-विदेशी तज्ज्ञांच्या मंडळाने हे पाणी तपासले. सुमारे १९० घटकांसाठी २०,००० चाचण्यांचे निकाल जमा झाले. पाणी पिण्यास सुरक्षित असल्याचा निर्वाळा मंडळाने २००२ मध्ये दिला. हे पाणी थेट नळात न सोडता आधी जलाशयात मिसळावे, अशी शिफारसही केली.

विज्ञान उत्तीर्ण झाले, पण एवढ्याने लोक पाणी पितील याची खात्री नव्हती. १९९० च्या दशकात अमेरिकेत सॅन डिएगोची अशीच योजना ‘शौचालयातून नळात’ या एका हेटाळणीने गारद केली होती. पुढे २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टुवुम्बा शहरात दुष्काळ असतानाही सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी पुनर्वापर नाकारला. दोन्ही ठिकाणचे तंत्रज्ञान कमी प्रतीचे नव्हते. अडले ते लोकांना विश्वासात घेण्यापाशी.

पीयूबीने लोकांकडे जाण्याचा क्रम उलटा केला. योजना पक्की करून मग पटवण्याऐवजी चाचण्या चालू असतानाच पत्रकारांना प्रकल्प दाखवला, पुनर्वापर आधीपासून चालत असलेल्या परदेशांतल्या ठिकाणीही त्यांना नेले. अमेरिकेत हे पाणी कित्येक वर्षे जलस्रोतांत मिसळले जाते, हे त्यांनी स्वतः पाहिले आणि स्वतःच्या शब्दांत लिहिले. त्या विषयावरचा माहितीपट दूरचित्रवाणीवर आला. लोकप्रतिनिधी, समाजातले पुढारी, शिक्षक यांच्यासाठी सभा झाल्या. भाषाही बदलली. ‘सांडपाणी’ याऐवजी ‘वापरलेले पाणी’ आणि ‘सांडपाणी प्रक्रिया केंद्र’ याऐवजी ‘जल पुनर्प्राप्ती केंद्र’ असे शब्द अधिकृत कागदांत आले. शब्द बदलून वस्तुस्थिती झाकली, असा आक्षेप यावर कोणी घेऊ शकेल. पण पाणी कुठून येते हे पीयूबीने एकदाही दडवले नाही. उलट तेच सर्वांत आधी सांगितले. म्हणूनच नवे शब्द टिकले.

९ ऑगस्ट २००२. राष्ट्रीय स्टेडियममध्ये राष्ट्रदिनाचे संचलन. आलेल्या सुमारे ६०,००० लोकांच्या हाती न्यूवॉटरची बाटली होती. पंतप्रधान गोह चोक टोंग आणि त्यांचे सहकारी बाटल्या उंचावून प्याले आणि त्यांच्याबरोबर सारे स्टेडियम प्याले. राज्यकर्ता स्वतः तेच पाणी पितो, हे हजारो लोकांनी एकाच क्षणी पाहिले. कोणत्याही जाहिरातीला हे साधले नसते. त्याच वर्षीच्या एका स्वतंत्र पाहणीत ८२ टक्के लोकांनी न्यूवॉटर थेट प्यायची, तर आणखी १६ टक्क्यांनी ते जलाशयात मिसळून प्यायची तयारी दाखवली.

फेब्रुवारी २००३ मध्ये न्यूवॉटर प्रत्यक्ष पुरवठ्यात आले आणि बेडोकच्या केंद्राशेजारी अभ्यागत केंद्र उघडले. संस्थेच्या साऱ्या वाटचालीतला हा सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल. जगात जलशुद्धीकरण केंद्रे कुंपणाआड असतात. इथे शाळेची मुले, गृहिणी, निवृत्त मंडळी नोंदणी करून विनामूल्य येत. काचेपलीकडे शुभ्र नळकांड्यांच्या रांगाच रांगा दिसत. प्रत्येक नळकांड्यात गुंडाळलेले पटल असते आणि त्यातून फक्त पाण्याचे रेणू कसे पार होतात, विषाणू आणि क्षार कसे मागे राहतात, हे मार्गदर्शक नमुना हातात देऊन समजावत. भेटीच्या शेवटी बाटलीबंद न्यूवॉटर मिळे. घरी गेलेले मूल ती बाटली आजीपुढे ठेवी आणि केंद्रातले व्याख्यान घरात पुन्हा होई. बेडोकचा प्रकल्प जुना झाल्यामुळे २०२४ मध्ये हे केंद्र बंद झाले, पण तोवर दहा लाखांहून अधिक लोक ते पाहून गेले होते. न्यूवॉटरचा बहुतांश भाग कारखान्यांना, विशेषतः संगणकाच्या चिप बनवणाऱ्या उद्योगांना जातो आणि कोरड्या महिन्यांत काही भाग जलाशयांत सोडला जातो, हेही तिथे सरळ सांगितले जाई.

२००५ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारा पहिला प्रकल्प सुरू झाला आणि ‘चार राष्ट्रीय नळ’ ही मांडणी पूर्ण झाली. बेटावरचे पावसाचे पाणी, जोहोरचे पाणी, न्यूवॉटर आणि समुद्राचे पाणी. देशाचे सारे जलधोरण चार शब्दांत मावले आणि शाळकरी मुलेही ते तोंडपाठ म्हणू लागली. त्याच वर्षी वॉटर वॉली नावाचा निळा, थेंबाच्या आकाराचा सवंगडी मुलांच्या भेटीला आला. जागतिक जलदिनाच्या सुमारास शाळांत पाणीकपातीचा सराव होतो. नळ बंद करतात आणि मुले बादल्या घेऊन रांगेत उभी राहतात. १९६३ पाहिलेल्या आजोबांचा अनुभव नातवाला तासभर का होईना, स्वतःच्या हातांनी कळतो.

२००६ मध्ये संस्थेने एक धाडसी पाऊल उचलले. तोवर जलाशय आणि नाले म्हणजे ‘प्रवेश बंद’च्या पाट्या. ‘सक्रिय, सुंदर, स्वच्छ पाणी’ या कार्यक्रमाने त्या पाट्या हटवायला सुरुवात केली. ज्या पाण्याकाठी लोक खेळतील, फिरतील, त्यात ते कचरा टाकणार नाहीत, हा त्यामागचा विचार. बिशान उद्यानाजवळचा २.७ किलोमीटरचा सिमेंटचा सरळ कालवा फोडून ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली आणि २०१२ मध्ये ती लोकांना खुली झाली. पाणी वाढू लागले की भोंगे आणि दिवे इशारा देतात, कारण नदी जवळ आणायची तर तिचा धोकाही सांगायला हवा. २००८ मध्ये पूर्ण झालेला मरिना बंधारा हा याच विचाराचा कळस. शहराच्या सुमारे सहाव्या भागाचे पाणी अडवणाऱ्या या बंधाऱ्याच्या हिरव्या छतावर संध्याकाळी पतंग उडवणाऱ्यांची गर्दी असते आणि आतल्या दालनात पाण्याचा सारा प्रवास मांडलेला आहे. समुद्राशी बांधलेल्या एवढ्या मोठ्या अभियांत्रिकी कामावर लोक सहलीला येतात, हे पीयूबीच्या अभियंत्यांनी कमावलेले फळ आहे.

या काळात जगाचे लक्ष संस्थेकडे वळले. २००७ मध्ये स्टॉकहोमचा उद्योग जल पुरस्कार आणि २०१४ मध्ये जनजागृती व लोकसहभागासाठी संयुक्त राष्ट्रांचा ‘वॉटर फॉर लाइफ’ पुरस्कार पीयूबीला मिळाला.

पण मधल्या काळातच लोकसंवाद कसोटीला लागला होता. १६ जून २०१० च्या सकाळी दोन तासांत सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि ऑर्चर्ड रोडवरच्या झगमगत्या दुकानांच्या तळघरांत पाणी शिरले. त्याआधी २००९ च्या पुराबद्दल ‘पन्नास वर्षांतून एकदा होणारी घटना’ असा सरकारी शब्दप्रयोग झाला होता. वर्ष उलटायच्या आत पुन्हा पूर आल्यावर लोकांनी तो शब्द धरून जाब विचारला. कचऱ्याने तुंबलेल्या नाल्याचे स्पष्टीकरणही पुरेसे पटले नाही. २०११ च्या डिसेंबरात त्याच भागात पुन्हा पाणी साचले, तेव्हा संस्थेने ते निव्वळ ‘पाणी साचणे’ असल्याचे म्हटले. त्यावर टीका झाली आणि मंत्री विवियन बालकृष्णन यांनी तो पूर होता, त्याला पूरच म्हणा, असे जाहीरपणे सुनावले. ज्या संस्थेने योग्य शब्द निवडून न्यूवॉटर लोकांपर्यंत नेले, तिलाच सौम्य शब्दाची किंमत मोजावी लागली.

संस्थेने त्यातून घेतलेला धडा लक्षणीय आहे. नाल्यांत आणि कालव्यांत पाण्याची पातळी मोजणारी उपकरणे बसली. ती माहिती आणि कॅमेऱ्यांची दृश्ये लोकांसाठी खुली झाली. पातळी वाढताच मोबाइलवर सूचना जाऊ लागल्या. तज्ज्ञांच्या मंडळाने २०१२ मध्ये अहवाल दिला आणि २०१८ मध्ये ऑर्चर्ड रोडसाठी वळवणीचा कालवा व साठवण टाकी पूर्ण झाली. कितीही बांधले तरी पूर पूर्ण टाळता येणार नाहीत, हे संस्था आता मोकळेपणाने सांगते.

पाणीपट्टीचा प्रसंगही असाच. जवळजवळ १७ वर्षे दर तसेच होते. फेब्रुवारी २०१७ च्या अर्थसंकल्पात ३० टक्के वाढ जाहीर झाली, ती दोन टप्प्यांत लागू होणार होती. लोक दचकले. निषेध सभाही झाली. पाणी शुद्ध करणे, नळ टाकणे, समुद्र गोडा करणे याचा खर्च कसा वाढतो, हे नंतर आकड्यांसह समजावले गेले, पण ते आधी सांगितले असते तर राग कमी झाला असता. सप्टेंबर २०२३ मध्ये पुढची वाढ जाहीर झाली तेव्हा घनमीटरमागे ५० सेंटची ही वाढ एप्रिल २०२४ आणि एप्रिल २०२५ अशा दोन टप्प्यांत होईल, हे अर्धे वर्ष आधीच घराघरांत पोहोचले होते.

बचतीच्या कामात संस्थेची चिकाटी विशेष दिसते. २००३ मध्ये घरगुती वापर माणशी रोज १६५ लिटर होता. नळ, शौचालयाच्या टाक्या यांच्यावर पाणीबचतीची श्रेणी दाखवणारी लेबले २००९ पासून सक्तीची झाली. २०१६ च्या ऑक्टोबरात जोहोरमधल्या लिंगिऊ जलाशयात जेमतेम २० टक्के साठा उरला, तेव्हा तो आकडा लोकांपासून लपवला गेला नाही, बचतीच्या आवाहनात तोच पुढे केला गेला. पुढे काही नव्या सरकारी घरांत अंघोळीच्या शॉवरवर किती लिटर पाणी वापरले ते त्याच वेळी दाखवणारी छोटी यंत्रे बसली. बचतीसाठी दारोदार फिरणारा स्वयंसेवक जे सांगतो, तेच आता अंघोळ करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येते. २०१८ मध्ये वापर १४१ लिटरवर आला. महासाथीत लोक घरी बसले आणि तो १५८ पर्यंत चढला. २०२३ मध्ये पुन्हा १४१ झाला. २०३० चे उद्दिष्ट १३० लिटरचे आहे.

या वाटचालीत नावे घेण्याजोगे नेते आहेतच, पण श्रेय त्यांच्यापुरते नाही. रात्री फुटलेली जलवाहिनी दुरुस्त करणारे कामगार, शेकडो शाळांत गेलेले मार्गदर्शक, उंच इमारतींत दारोदार फिरून गळके नळ तपासणारे स्वयंसेवक, पुनर्वापराचे पाणी सर्वांत आधी आपल्या उत्पादनात घेण्याचा धोका पत्करणारे उद्योग आणि १९८० च्या दशकात आपला धंदा सोडून नदीला जागा करून देणारे फेरीवाले व शेतकरी, या सर्वांच्या हातांनी ही संस्था उभी राहिली आहे.

१९६१ चा करार २०११ मध्ये संपला, तेव्हा पीयूबीने जोहोरमधली आपली जुनी जलशुद्धीकरण केंद्रे मुदत संपताच जोहोरच्या स्वाधीन केली. बेटावरच्या नळांना त्याने धक्का बसला नाही. १९६२ चा करार २०६१ मध्ये संपणार आहे. त्या तारखेपर्यंत किती पाणी कोणत्या नळातून येईल याचा हिशेब पीयूबीने आत्ताच मांडला असून तो कोणत्याही नागरिकाला पाहता येतो.